वॉशिंग्टनचा नौदल करार फिसकटला असता तर? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हा करार होता तरी काय? थोडक्यात सांगा.

पहिलं महायुद्ध संपलं पण जहाजं बांधायचं वेड काही संपलं नव्हतं. अमेरिकेनं १९१६ च्या कायद्यात १० बॅटलशिप (जड चिलखताच्या मोठ्या युद्धनौका) आणि ६ बॅटलक्रूझर (तोफा तशाच मोठ्या, पण चिलखत हलकं आणि वेग जास्त) मंजूर करून ठेवल्या होत्या, जपानला ८ बॅटलशिप आणि ८ बॅटलक्रूझरचा ताफा हवा होता, आणि ब्रिटननं ऑक्टोबर १९२१ मध्ये जी-३ नावाच्या चार अवाढव्य बॅटलक्रूझरच्या ऑर्डरी देऊन टाकल्या. तिघांकडेही पैसा नव्हता, निदान त्या कामासाठी तरी नव्हता. मग १२ नोव्हेंबर १९२१ ला वॉशिंग्टनमध्ये परिषद भरली. पहिल्याच दिवशी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज उभे राहिले आणि कुठली जहाजं भंगारात काढायची याची यादीच त्यांनी मांडली, तिन्ही देशांची मिळून ६६ जहाजं. समोरच्या ॲडमिरल लोकांना याची काहीच कल्पना नव्हती.

६ फेब्रुवारी १९२२ ला सह्या झाल्या. अशा मोठ्या जहाजांच्या एकूण वजनाची मर्यादा ठरली: अमेरिका आणि ब्रिटन प्रत्येकी ५,२५,००० टन, जपान ३,१५,०००, फ्रान्स आणि इटली प्रत्येकी १,७५,०००. एका जहाजाला कमाल ३५,००० टन आणि १६ इंची तोफ, आणि दहा वर्षं नवीन बॅटलशिप नाही (ठरवून दिलेले अपवाद सोडून). ५:५:३ हे गुणोत्तर तुम्ही ऐकलं असेल, ते इथलंच.

मग "फिसकटला असता" म्हणजे नक्की कधी? फाटा कुठे फोडायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बरोबरच आहे, कारण फाटा (म्हणजे खऱ्या इतिहासापासून आपली कल्पित गोष्ट जिथे वळते ती जागा) कुठे फोडला यावर पुढचं सगळं ठरतं. माझ्या मते तीन जागा खऱ्या आहेत.

पहिली, जपानचं ७० टक्के. जपानी नौदलाच्या हिशोबाप्रमाणे समोरच्याच्या ७० टक्के ताफा असेल तर घराजवळच्या पाण्यात लढाई जिंकता येते, ६० वर येत नाही. कातो कान्जी हे शिष्टमंडळातले ॲडमिरल यावर अडून बसले होते. मुख्य प्रतिनिधी होते नौदलमंत्री कातो तोमोसाबुरो (आडनाव एकच, नातं नाही) आणि त्यांनी डिसेंबरच्या मध्यात ६० टक्के मान्य केलं.

दुसरी, 'मुत्सु'. हे जहाज ह्यूजच्या भंगार यादीत होतं. जपान म्हणत होता की ते पूर्ण झालंय, शाळकरी पोरांनी वर्गणी दिलीय, ते तोडणं शक्यच नाही. शेवटी मुत्सु वाचलं, आणि त्या बदल्यात अमेरिकेला दोन जहाजं पूर्ण करायला आणि ब्रिटनला दोन नवीन बांधायला मिळाली. नेल्सन आणि रॉडनी या जोडीचा जन्म असा एका जपानी जहाजाच्या हट्टातून झाला.

तिसरी, फ्रान्स. इटलीच्या बरोबरीचा आकडा बघून फ्रेंच इतके भडकले की ह्यूजना थेट ब्रियाँ यांना साकडं घालावं लागलं, ते त्या वेळी फ्रान्सचे पंतप्रधान होते. ब्रियाँ तयार झाले पण पाणबुड्यांवर बंधन नको या अटीवर.

मी स्वतः पहिली जागा धरतो. फ्रान्स उठून गेला असता तरी तिघांचा करार झाला असता, मुत्सुवरून भांडण झालं तरी तडजोडीला वाव होता. पण जपान ७० वर अडून राहिला तर सगळंच संपतं.

अमेरिकेनं जपानी तारा वाचल्या नसत्या तर जपान अडून राहिला असता?

हे फार मस्त प्रकरण आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट यार्डली नावाच्या माणसाचं एक गुप्त ऑफिस होतं, ब्लॅक चेंबर म्हणतात त्याला, आणि तिथे जपानची सांकेतिक लिपी फोडली गेली होती. २८ नोव्हेंबरच्या तारेत टोकियोनं कळवलं होतं की ७० साठी जोर लावा, नाहीच जमलं तर ६० पर्यंत खाली या पण त्या बदल्यात पॅसिफिकमधल्या तटबंदीवर काहीतरी पदरात पाडून घ्या. हे ह्यूजच्या टेबलावर आल्यावर ते कशाला हलतायत? त्यांना फक्त थांबायचं होतं.

तार वाचली नसती तर अमेरिका घाबरून ६५ वर तोडगा निघाला असता असं बरेच जण म्हणतात. शक्य आहे, पण तो करार मोडणं नव्हे, तो थोडा वेगळा करार झाला. करार मोडायला टोकियोतली माणसं बदलावी लागतात. आणि तिथे इतिहासानेच दार अर्धवट उघडं ठेवलंय. पंतप्रधान हारा ताकाशी यांचा परिषदेच्या आठच दिवस आधी, ४ नोव्हेंबरला, टोकियो स्टेशनवर खून झाला. त्या गोंधळात कातो तोमोसाबुरोंना वॉशिंग्टनहून परत बोलावलं असतं, किंवा ते आजारी पडले असते आणि सूत्रं कान्जींकडे गेली असती, तर? माझा फाटा इथे.

ठीक, बोलणी फिसकटली. मग तिघांनी ठरवलेली सगळी जहाजं बांधली असती ना?

नाही. आणि इथेच बहुतेक जणांचं गणित चुकतं असं मला मनापासून वाटतं. लोक आराखड्यांची यादी घेतात, ६ साउथ डकोटा, ६ लेक्सिंग्टन, ४ जी-३, मग ब्रिटनच्याच १८ इंची तोफांच्या एन-३, जपानच्या तोसा, आमागी, की वगैरे, आणि १९२८ पर्यंत सगळी समुद्रात सोडून मोकळे होतात. कागदावरचं जहाज फुकट असतं. खरं जहाज पोलाद खातं, मग माणसं खातं, आणि ते पाण्यात उतरलं की त्याला तेल, खलाशी, सुक्या गोद्या आणि दर काही वर्षांनी नवीन यंत्रं लागतात.

जपानचं बघा. १९२१ मध्ये देशाच्या बजेटचा जवळजवळ एक तृतीयांश भाग एकटं नौदल खात होतं. लष्कराचा खर्च धरला तर निम्मं बजेट गेलं. आणि हे सगळं ८-८ चा ताफा पूर्ण व्हायच्या आधी, म्हणजे खरा खर्च अजून पुढेच होता. कातो तोमोसाबुरो स्वतः ॲडमिरल होते, रशियाविरुद्धच्या त्सुशिमाच्या लढाईत ॲडमिरल तोगोंचे चीफ ऑफ स्टाफ होते, त्यांना कोणी भित्रा म्हणू शकत नाही. त्यांना साधी गोष्ट कळली होती, की युद्ध पैशावर चालतं, ज्या देशाकडून कर्ज मिळण्याची शक्यता आहे तो अमेरिका, आणि त्याच्याशीच लढायचं म्हटलं तर पैसे देणार कोण. ५:३ हा जपानचा अपमान आहे असं कान्जी म्हणत होते, पण करार नसता तर प्रमाण ५:३ वर थांबलंच नसतं, अजून खाली गेलं असतं. १९२९ मध्ये अमेरिकेचं पोलाद उत्पादन जपानच्या वीसपटीहून जास्त होतं. जपानला मिळालेले ६० टक्के ही अमेरिकेनं स्वतःच्या हाताला बांधून घेतलेली दोरी होती, असं मी तरी बघतो.

पण अमेरिकेनं तरी बांधली असती का? तिथे लोक युद्धाला कंटाळले होते ना?

हो, हा मुद्दा बरोबर आहे आणि तो विसरू नका. सिनेटर बोरा यांनी डिसेंबर १९२० मध्येच नौदल खर्च निम्म्यावर आणायचा ठराव मांडला होता, करांना लोक वैतागले होते, आणि करार सिनेटपुढे आला तेव्हा ७४ विरुद्ध १ मतांनी पास झाला. अशा देशात १६ राक्षसी जहाजांना काँग्रेस दरवर्षी पैसे देत बसली असती असं मला वाटत नाही. पण एक फरक आहे. बोलणी जपानमुळे फिसकटली असं पेपरात छापून आलं असतं तर हवा बदलली असती. लेक्सिंग्टन वर्गातल्या दोन-चार आणि साउथ डकोटातल्या ज्या बऱ्यापैकी पुढे गेल्या होत्या त्या रडतखडत पूर्ण झाल्या असत्या, बाकीच्या स्लिपवेवर (जिथे जहाज बांधून पाण्यात सोडतात त्या उतारावर) गंजत राहिल्या असत्या. तेवढंही जपानला पुरून उरतं.

आणि ब्रिटन?

ब्रिटनवर अमेरिकेचं ४ अब्ज डॉलरच्या वर युद्धकर्ज होतं आणि १९२१ च्या उन्हाळ्यात बेकारांचा आकडा २० लाखांच्या घरात गेला होता. जी-३ ही त्या काळातली सगळ्यात चांगली रचना होती असं माझं ठाम मत आहे, ४८,००० टनांच्या वर, ९ सोळा इंची तोफा, आणि ३२ नॉट वेग. चारही बांधल्या गेल्या असत्या तर ब्रिटनची जुनी बॅटलक्रूझर हूड १९४१ मध्ये म्हातारी म्हणून मागच्या कामाला लागली असती, जर्मन बॅटलशिप बिस्मार्कसमोर गेलीच नसती कदाचित. पण चारातल्या दोन झाल्या असत्या असं धरा. एन-३ विसरा.

इथे अजून एक गोष्ट आहे जी तोफांच्या नादात हरवते. या ऑर्डरी क्लाइड आणि टाइन नद्यांवरच्या यार्डांत गेल्या होत्या, आणि परिषद सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोच काम थांबवायचे आदेश आले. त्या हिवाळ्यात घरी बसलेल्या कामगारांच्या बाजूने बघितलं तर हा करार म्हणजे शांतता वगैरे काही नव्हती. पुढे जॅरोचं पामर्स यार्ड बंद पडलं आणि १९३६ मध्ये तिथली २०० माणसं लंडनपर्यंत चालत गेली. सगळा दोष कराराचा नाही, मंदी होती, जुनी यंत्रं होती, पण करार फिसकटल्याची गोष्ट लिहिणाऱ्याने अशा एखाद्या कामगाराचं कुटुंब एकदा तरी दाखवावं, त्यांच्या घरात चूल पेटती राहिली असती.

१९२३ च्या भूकंपाचा यात काय संबंध?

माझ्या मते सगळ्यात मोठा संबंध.

१ सप्टेंबर १९२३, कांतोचा भूकंप, टोकियो आणि योकोहामा जळाले, लाखाच्या आसपास माणसं गेली. योकोसुकाच्या नौदल गोदीत आमागीचा सांगाडा होता. करारामुळे त्याचं विमानवाहू जहाज होणार होतं, पण भूकंपात तो इतका वाकडा झाला की सोडून द्यावा लागला आणि त्याच्या जागी कागाला निवडलं. हा किस्सा सगळ्यांना माहितीये.

आता करार नाही असं धरा. ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे आमागी तोपर्यंत पाण्यात उतरलेली असेल, त्यामुळे ती वाचेल, पण तिच्या मागे स्लिपवेवर दुसरं जहाज उभं असेल त्याची तीच गत होईल. ठीक, एक जहाज गेलं. खरा घाव पैशाचा आहे. खऱ्या इतिहासात जपानला शहर परत उभं करायला १९२४ मध्ये लंडन आणि न्यूयॉर्कच्या बाजारात चढ्या व्याजाने कर्ज घ्यावं लागलं, आणि तेव्हा तिघांत करार होता, संबंध बरे होते. आपल्या गोष्टीत हेच दोन सावकार जपानशी जहाजांची शर्यत लावून बसलेत. ते कर्ज देतील? दिलं तर अट काय घालतील? मला तर सरळ दिसतं की १९२४ च्या वसंतात जपान स्वतःच दुसरी परिषद मागतो, आणि या वेळी त्याला ६० टक्केसुद्धा मिळत नाहीत. किंवा मागत नाही, शर्यत चालू ठेवतो, आणि भूकंपामुळे थकलेल्या हुंड्यांमुळे १९२७ मध्ये ज्या बँका खरोखर बुडाल्या त्या दोन वर्षं आधीच बुडतात, गावाकडे तांदळाचे भाव, कर, सगळं पेटतं. दुसरी वाट जास्त भयंकर आहे कारण अशा वेळी सैन्यातले तरुण अधिकारी काय करतात ते १९३० च्या दशकात जगाने बघितलंच.

मग युद्ध १९२० च्या दशकातच झालं असतं?

मला नाही वाटत. जहाजं असली म्हणून कोणी लढत नाही, भांडायला कारण लागतं, आणि चीनमधला पेच तेव्हा तितका पिकला नव्हता. अजून एक, करार नाही म्हणजे त्याच परिषदेतला चार देशांचा करारही डळमळीत, म्हणजे ब्रिटन आणि जपानची १९०२ पासूनची जुनी युती लगेच सुटत नाही. ब्रिटन जपानला बांधलेला असेल तर अमेरिकेला दोन महासागरांत दोन शत्रू मोजावे लागतात, आणि कॅनडाला हे अजिबात नको होतं. ती युती किती ओढत नेता येईल यावर तुमची गोष्ट उभी राहू शकते, या बाजूने फार कमी लोक लिहितात.

विमानवाहू जहाजं आधी आली असती की उशिरा?

उशिरा, आणि लहान.

लोकांना वाटतं की करार म्हणजे सगळ्यालाच ब्रेक, पण विमानवाहू जहाजांना करारानं उलट पुढे ढकललं. अर्धवट बांधलेले दोन-दोन मोठे सांगाडे विमानवाहू जहाजासाठी वापरायची परवानगी होती, ३३,००० टनांपर्यंत, म्हणून लेक्सिंग्टन, साराटोगा, आकागी आणि कागा जन्माला आल्या. करार नसता तर हेच सांगाडे तोफा घेऊन फिरले असते आणि विमानांच्या वाट्याला लँगली किंवा होशोसारखी छोटी जहाजं आली असती. जानेवारी १९२९ च्या सरावात साराटोगाने रात्री वेगात पुढे जाऊन पहाटे पनामा कालव्यावर विमानांचा लुटुपुटीचा हल्ला केला, त्या सकाळी अमेरिकन नौदलात किती जणांचे डोळे उघडले असतील! ते जहाजच नसेल तर तो सराव नाही, आणि त्यातून तयार झालेली वैमानिकांची पिढी पण नाही.

म्हणजे पर्ल हार्बर झालंच नसतं?

ज्या रूपात झालं त्या रूपात नाही. ज्या सहा विमानवाहू जहाजांनी तो हल्ला केला त्यांपैकी आकागी आणि कागा या दोन होत्या. पण हल्ल्याची कल्पना मेली असती असं मी म्हणणार नाही, बंदराबाहेर नांगरलेल्या रशियन ताफ्यावर रात्री विनाशिकांतून टॉर्पेडो सोडून पहिला घाव घालायचा हे जपानी नौदलानं १९०४ मध्ये पोर्ट आर्थरला करून दाखवलं होतं.

पॅसिफिकमधल्या तटबंदीचं कलम (एकोणिसावं) नसेल तर अमेरिका ग्वाम आणि मनिलाला मोठे तळ बांधू शकते, हेही धरा. जपानच्या दृष्टीने तो तळ म्हणजे दाराशी उभा राहिलेला पहारेकरी. कराराने जपानला मिळालेली सगळ्यात मौल्यवान गोष्ट हे कलम होतं, जहाजांचा आकडा नव्हे.

फ्रान्स आणि इटलीचं काय झालं असतं?

फारसं काही नाही. दोघांकडेही बॅटलशिपला पैसे नव्हते. क्रूझर आणि पाणबुड्यांमध्ये एकमेकांची बरोबरी करत बसले असते, तसेच खऱ्या इतिहासातही बसले.

खऱ्या इतिहासात करार कसा मोडला? त्यात आणि तुमच्या गोष्टीत फरक काय?

खरा करार हळूहळू मेला. १९२७ ला जिनिव्हात क्रूझरवरून बोलणी फिसकटली, १९३० ला लंडनमध्ये कशीबशी जमली. जपानच्या पंतप्रधान हामागुचींनी तो लंडन करार नौदलाच्या विरोधाला न जुमानता पास करून घेतला आणि नोव्हेंबर १९३० मध्ये त्यांना गोळी लागली, परत टोकियो स्टेशनवरच. त्या जखमेनं ते पुढच्या वर्षी गेले. डिसेंबर १९३४ मध्ये जपाननं वॉशिंग्टन करार सोडत असल्याची नोटीस दिली, जानेवारी १९३६ मध्ये लंडनच्या परिषदेतून उठून गेला आणि १९३६ संपताना सगळं संपलं. नोव्हेंबर १९३७ मध्ये कुरे इथे यामातोची बांधणी सुरू झाली, १८ इंची तोफा, ६०,००० टनांच्या वर.

आणि मग जे व्हायचं तेच झालं, म्हणजे अमेरिकेनं १९४० मध्ये एका कायद्यात ताफा ७० टक्क्यांनी वाढवायचं मंजूर केलं. जपानचं आख्खं नौदल मोजलं तरी त्या एका कायद्याशी बरोबरी होत नव्हती. कातो तोमोसाबुरोंनी १९२१ मध्ये ज्याची भीती धरली होती ते १९४० मध्ये आलं. माझ्या गोष्टीत तेच १५ वर्षं आधी येतं, एवढाच फरक, पण त्या १५ वर्षांत एक पिढी मोठी होते.

करार असताना लोक चोरी करत होते का?

करत होते. इटलीची क्रूझर गोरिझिया १९३६ मध्ये अपघात होऊन जिब्राल्टरच्या ब्रिटिश गोदीत आली आणि ती १०,००० टनांच्या मर्यादेपेक्षा जड आहे हे ब्रिटिशांना कळलं. जपानची गोष्ट दुःखाची आहे. कमी टनात जास्तीत जास्त तोफा बसवायच्या म्हणून जहाजं वरून जड झाली, मार्च १९३४ मध्ये तोमोझुरु ही टॉर्पेडो बोट वादळात उलटली, १९३५ मध्ये एका टायफूनमध्ये चौथ्या ताफ्याच्या दोन विनाशिकांचे पुढचे भागच तुटून गेले. खलाशी मेले ते आकड्याच्या हट्टापायी. करार नसता तर ही पोरं वाचली असती, हे मी कराराच्या बाजूचा असूनही मान्य करतो.

आपल्याकडे, म्हणजे भारतात, याचा काही संबंध?

आहे आणि फार कमी लोकांना माहीत असतो. करारावर भारताच्या वतीने सही आहे ती श्रीनिवास शास्त्रींची, गोखल्यांच्या मागे पुण्याच्या भारत सेवक समाजाची धुरा सांभाळणारे तेच. आणि परिषद सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी, १७ नोव्हेंबर १९२१ ला, प्रिन्स ऑफ वेल्स अपोलो बंदरावर उतरला तो रिनाउन या बॅटलक्रूझरवरून. मुंबईत बहिष्कार, परळला विदेशी कापडाची होळी, मग दंगल, गोळीबार, आणि बंदरात ते जहाज उभं. तिकडे वॉशिंग्टनमध्ये कुठली जहाजं ठेवायची आणि कुठली तोडायची याची यादी चालली होती, रिनाउन ठेवायच्या यादीत होती.

मला या फाट्यावर गोष्ट लिहायची आहे. सुरुवात कुठून करू?

टोकियो स्टेशनवरून करू नका, सगळे तिथूनच करतात. कातो तोमोसाबुरोंपासून करा. खऱ्या इतिहासात ते करार करून परतले, जून १९२२ मध्ये पंतप्रधान झाले, आपल्याच नौदलाची जहाजं त्यांनी तोडायला लावली आणि २४ ऑगस्ट १९२३ ला आजारपणात गेले. आठवड्याभराने भूकंप झाला तेव्हा नवीन मंत्रिमंडळ अजून बसायचंच होतं. तुमच्या गोष्टीत तेच आजारपण दोन वर्षं आधी आणा, वॉशिंग्टनच्या हॉटेलात, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, टोकियोच्या तारेची वाट बघताना, आणि कान्जींना शेजारच्या खोलीत बसवा.